पोवळीला माती

पोवळी बसली ती उठेना, हे पहाटे पुतळाबाईला कळलं. बाकीच्यांना कळायला दुपार झाली. बाकीचे तिच्याकडे हात जोडून बघायचे, आणि हात जोडून बघणाऱ्याला गाय उभी आहे की बसलेली, यानं फारसा फरक पडत नाही.

पुतळाबाईनं झाडू बाजूला ठेवला. पोवळीच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातड्याखाली हात घातला. ऊब होती, पण चुलीतला जाळ काढून घेतल्यावर जशी राहते तशी. गायीनं डोळा फिरवला, ओळखलं, आणि पुढचे पाय उचलायचा यत्न केला. खूर काळ्या ग्रॅनाइटवर सर्रकन घसरला. पुन्हा उचलला, पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी तिनं उचललाच नाही.

"नको उठू, बाय," पुतळाबाई म्हणाली. "क्याला उठतंस? कोनासाठी?"

गावदेवीच्या देवळाला लागून ही खोली. दारावर पितळी अक्षरांत ‘गोमाता कक्ष’. स्टीलचं रेलिंग, भिंतीला पंखा आणि खाली तोंड दिसेल असा ग्रॅनाइट. भिंतीवर पाटी: ‘फरशी कै. गंगाराम जोमा घरत यांच्या स्मरणार्थ, सुपुत्र धनेश यांजकडून.’ कै. गंगाराम हा पुतळाबाईचा नवरा. धनेश मुलगा, देवस्थान कमिटीचा सेक्रेटरी.

वाईट हेतू कुणाचाच नव्हता. दीड वर्षापूर्वी देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा देवीला संगमरवर आला, कळसाला सोन्याचा मुलामा आला, आणि सगळ्यांनाच वाटलं की देवीची गाय तेवढी शेणामातीत ठेवायची म्हणजे लाज. आयुष्यभर चिखलात गुडघे बुडवून भात लावलेल्या माणसांना फरशीसारखा मान दुसरा ठाऊक नव्हता. स्वतःच्या घरात पहिल्यांदा लादी बसली तेव्हा बायका अनवाणी पायांनी तिच्यावरून उगीच फेऱ्या मारायच्या. तोच मान त्यांनी गायीला दिला. गायीला खूर असतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकटी पुतळाबाई बोलली होती.

"धन्या, तिला माती टाक रं. फरशीवं पाय घसरतो तिचा."

"आई, माती टाकली की ड्रेनेज चोक होतं. रबरी मॅट मागवतो, टेन्शन घेऊ नको."

मॅट आली. तीही घसरायची. मग पुढच्या महिन्यात पुन्हा, "धन्या, माती," आणि पुन्हा, "आई, ड्रेनेज." असं दीड वर्ष.

पोवळी फरशीवर वाढलेली गाय नव्हतीच. एकोणीस वर्षांपूर्वी घरतांची शेवटची जमीन शहरासाठी गेली. बैलजोडी उरणकडच्या एका शेतकऱ्यानं नेली. मागे राहिलेली गाय वासराला जन्म देऊन मेली. पोवळ्यासारखं तांबडं, ओलं वासरू. ज्या घराला गोठाच उरला नाही त्यानं वासरू ठेवायचं कुठं? गंगारामनं ते उचललं, गावदेवीच्या पायरीवर ठेवलं आणि म्हणाला, "देवी, यी तुजी." देवीला सोडलेल्या गायीला दावं नाही, धनी नाही. सगळा गाव तिचा. दूध मात्र देवीनं पाजलं नाही. ते पुतळाबाईनं पाजलं, धनेशच्या लहानपणच्या बाटलीनं.

पुतळाबाई धवलारीण, लग्नाची गाणी गाणारी. आगरी लग्नात तिच्या धवळ्यांशिवाय हळद लागत नसे, तांदूळ पडत नसत. पाजताना ती वासराला गायची, आणि वासरू मोठं झालं तरी तो आवाज विसरलं नाही. गावात कुठंही मांडव पडला आणि पुतळाबाईनं सूर धरला की पोवळी मांडवाबाहेर येऊन उभी. नवरी निघेपर्यंत हलायची नाही. लोक म्हणायचे, देवी आली लग्नाला.

"पयली गो चाल तुजी, गावदेवीचे दारी,
दुसरी गो चाल तुजी, खाडीच्या किनारी,
तिसरी गो चाल तुजी, बांधाच्या गवतात,
सोनियाचं पाऊल तुजं उमटलं चिखलात."

बांध गेले, खाडीचा किनारा भिंतीआड गेला, तरी पोवळीची चाल मोडली नाही. सेक्टर उभे राहिले तशी ती सेक्टरांतून चालायला लागली. सकाळी गावठाणातली दारं, मग सोसायट्यांची गेटं. वॉचमन तिला नावानं हाक मारत. दुपारी ती सर्कलच्या मधोमध गवतात बसायची आणि गाड्या तिला वळसा घालून जायच्या. तीन वेळा व्याली, तिन्ही वेळा ऐन गर्दीच्या रस्त्याकडेला, आणि तिन्ही वेळा पुतळाबाई शेक द्यायला धावली.

मग एका सोसायटीच्या पोडियमवर शेण पडलं, एका गाडीचा आरसा तुटला. देवीच्या गायीविरुद्ध तक्रार कोण करणार? तक्रार आली ती तिच्याच काळजीनं. ‘गोमातेच्या सुरक्षेसाठी तिचं मोकळं फिरणं बंद करावं.’ खाली चाळीस सह्या. त्याच सुमारास कक्ष तयार झाला. रेलिंगला कडी लागली. पोवळीची चाल थांबली ती तिथं.

दुपारी जनावरांची डॉक्टर आली. जाई तिचं नाव. नखं कापलेली, बोलणं थोडकं. तिनं पोट दाबून पाहिलं, डोळ्याची पापणी उलटली, गुडघ्यांवरच्या जखमा पाहून ओठ आवळले.

"आजी, हिचं आता वय झालंय. सलाइन लावून दोन दिवस वाढवता येतील, पण ते तिच्यासाठी नसतील."

"मना ठाव हाय," पुतळाबाई म्हणाली. "मना खाली काय घालू ते सांग."

"माती. भुसभुशीत, चांगली वीतभर. कूस बदलत राहा. गर्दी नको, आवाज नको. दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन मी देते. बाकी ती आपली आपण जाईल, शांत."

धनेश दारात उभा होता. "ग्रॅनाइटवर माती?"

"मग ग्रॅनाइटवर गाय कशी चालते?" डॉक्टरनं विचारलं आणि पिशवी उचलली.

पुतळाबाईला वाटलं, आता झालं. डॉक्टरच्या तोंडून निघालं म्हणजे झालं. पण माती आणायची कुठून? गावात माती नव्हती. देवळासमोर पेव्हर ब्लॉक, गल्लीत काँक्रीट, अंगणात लादी, तळ्याभोवती जॉगिंग ट्रॅक. तुळशीवृंदावनात तेवढी मूठभर, तीही विकतची. ज्या गावानं साऱ्या शहराला पाय ठेवायला जमीन दिली, त्या गावात एका गायीला टेकायला पाटीभर माती सापडेना.

तिची सून सोनल ऐरोलीला ऑफिसात होती. पुतळाबाईनं तिला फोन लावला. सोनल कामाची पोर. अर्ध्या तासात एक पोरगा स्कूटरवरून कागदी पिशव्या घेऊन हजर. पिशवीवर गुलाबाचं चित्र. पाच-पाच किलो.

पुतळाबाईनं एक फोडली, नाकाशी धरली. परत फोन.

"सोनल, यी माती नाय गो. नारलाचा भुसा हाय."

"आई, ॲपवर ऑरगॅनिक माती लिहिलंय."

"लिवलंय त्यांनी. वास घे तू."

"मी ऐरोलीतून कसा वास घेऊ?"

दोघींना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई रस्त्यापलीकडच्या साइटवर गेली. तिथं तीन मजले खोल खड्डा चालला होता. काळी माती, तांबडी माती, डंपर भरभरून जात होती. ही जागा एकेकाळी घरतांचीच. पुतळाबाईला बांध आठवला, बांधावरचं करंजाचं झाड आठवलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होतं, हे ती तीस वर्षं बघत आली होती.

"एक डंपर नको मना. दहा घमेली दे."

सुपरवायझर मान हलवत राहिला. "मावशी, इथून मातीचा खडासुद्धा परवानगीशिवाय बाहेर जात नाही. अर्ज करा. हेड ऑफिसला."

"गाय मरतंय रं."

"मी समजू शकतो."

त्याचं समजणं ऐकून पुतळाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. ती गेटाबाहेर आली आणि भरून निघालेल्या पहिल्या डंपरसमोर उभी राहिली. पदर खोचून, हात पसरून. मागे हॉर्न वाजायला लागले.

ड्रायव्हरनं काचेतून डोकं काढलं. सोलापूरकडचा, भैरू नावाचा. "ए मावशे, मरायचंय का? माझी नोकरी घालवशील!"

"तुजा शेठ कोन?"

"इसाकशेठ. उरणचे."

"लाव फोन. सांग, गंगारामची पुतळा रस्त्यात उबी हाय."

इसाक आणि गंगाराम तरुणपणी एकाच मिठागरावर काम करायचे. पायांना मिठाच्या त्याच भेगा, दुपारच्या जेवणाला तोच एक डबा. फोनवर इसाकचा आवाज म्हातारा झाला होता.

"वयनी, काय झाला?"

तिनं सांगितलं. सगळं. ग्रॅनाइटपासून गुलाबाच्या चित्रापर्यंत. आणि शेवटी म्हणाली, "भावजी, जासईला तुमचा वावर हाय ना अजून? तिला तिकडंच न्या. तुमच्या गारीत टाकून न्या. बांधावं मरू दे तिला."

पलीकडं इसाक हसला. पण त्यात हसू नव्हतं.

"वयनी, माज्या गारीत गाय? पनवेलपरयंत पन पोचनार नाय मी. ती जिती हाय का मेलेली, कुठं न्हेतंय, कोन विचारल? आदी हात उचलतील, मंग विचारतील. माज्या पोरानं, सैफनं तर सांगून ठेवलंय, बाबा, म्हशीची गारी पन उबी करायची नाय आपल्या दारात. गंगाराम असता तर मी न्हेली असती. दोघांनी मार खाल्ला असता. आता नको."

पुतळाबाईला राग आला. पण तो कुणावर धरायचा, कळेना.

"गाय न्हेता येत नाय," इसाक म्हणाला, "माती आनता येते. साइटची नको, त्याला कागूद लागतो. माज्या वावरातली आनतो. आज संध्याकालपरयंत."

आणि आली. सूर्य मावळायच्या आत भैरूचा डंपर देवळाच्या गेटाशी लागला. जासईच्या वावरातली माती, भाताची धसकटं आणि हरळीची मुळं असलेली, ओलसर. ओतली तेव्हा वास उठला आणि आत कक्षात पोवळीनं मान उचलली. पुतळाबाईनं ते पाहिलं. नाकपुड्या फुलल्या, कान पुढं आले. दहा पावलांवर माती होती.

पण गेटात सुभाष उभा. कमिटीचा अध्यक्ष. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा.

"काकी, हे काय चालवलंय? उद्या देवळाचा वर्धापनदिन. हजार माणूस येणार. मांडव घातलाय, आणि हा ढिगारा?"

"आत टाकायचा हाय. पोवलीखाली."

"परवा टाकू. प्रॉमिस."

"परवा ती नसंल."

"असं अभद्र बोलू नका. उद्या रेस्क्यूवाले येणारेत, पट्टा लावून उभी करतील तिला. लोक दर्शनाला येतात, गोमाता बसलेली बरी दिसत नाही."

पुतळाबाईकडे एकच हत्यार होतं. आयुष्यात कधी काढलं नव्हतं, ते तिनं काढलं.

"सुभाष, पुढल्या सोमवारी पार्थची हलद हाय. देवीच्या गायीला माती नाय, तर तुज्या पोराच्या हलदीला माजा आवाज नाय."

एकेकाळी या वाक्यानं मांडवात रडारड झाली असती. धवलारीण रुसली म्हणजे लग्न खोळंबलं. सुभाषनं क्षणभर पाहिलं आणि समजुतीनं, अगदी गोड हसला.

"काकी, रागावू नका. पण पोरांनी डीजे ठरवलाय. धवळे मोबाइलवर आहेत ना, दोन मिनिटं लावू. तुम्ही फक्त आशीर्वादाला या."

मातीवर निळी ताडपत्री पडली. कक्षात पोवळी नाक गेटाच्या दिशेनं करून बसून राहिली, आणि पुतळाबाई तिच्याशेजारी, फरशीवर, तोंड मिटून.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून रांग. फुलं, गूळ, चपात्या. बसलेल्या गायीच्या तोंडासमोर चपात्यांची थप्पी साचली. शेपटीला हात लावून बायका डोळ्यांना लावत होत्या. पुतळाबाई एकेकीला सांगत होती, "नको हात लावू, बाय. झोपू दे तिला." आणि प्रत्येक जणी म्हणत होती, "एकच मिनिट, आजी." एकेक मिनिटाचे दोन तास झाले.

दहाच्या सुमाराला रेस्क्यूवाले आले. चांगली पोरं होती, त्यांना जे सांगितलं ते करणारी. पोटाखालून पट्टा घातला, वर तीन पायांचं लोखंडी तिकाटणं, साखळी. धनेशला मानेशी धरायला उभं केलं. पुतळाबाईनं त्याचा हात पकडला.

"धन्या, नको रं."

"आई, पाच मिनिटं. मग मीच सांगतो त्यांना."

साखळी खेचली. पोवळी वर उचलली गेली. पाय लोंबत होते. मागचे खूर फरशीला लागले आणि कर्रकन आवाज करत सरकले. बाहेर कुणीतरी ओरडलं, "उठली! उठली!" टाळ्या पडल्या. शंख वाजला. शेकडो मोबाइल वर झाले.

पोवळीची मान धनेशच्या खांद्यावर पडली होती. सगळं वजन. तिचा श्वास त्याच्या कानात. ती हंबरली नाही, कण्हलीही नाही. नुसतं तोंड उघडं ठेवून ती त्याच्या खांद्यावर लटकत राहिली. तेवढ्यात पट्टा एका बाजूनं सरकला आणि तिचा गुडघा फरशीवर आदळला. टाळ्यांत तो आवाज बाहेर गेला नाही. धनेशला तो आपल्या हाडात ऐकू आला.

"खाली घ्या," तो म्हणाला.

"सर, अजून जरा..."

"खाली घ्या म्हणतो ना!"

त्यांनी खाली घेतलं. धनेश तडक बाहेर गेला. पुतळाबाईला वाटलं, गेला. नेहमीसारखा फोनवर बोलत गेला. तिनं डोळे मिटले, गायीच्या गुडघ्यावर तळवा दाबून धरला.

डोळे उघडले ते धप्प आवाजानं. समोर फरशीवर रिकामी पोती पसरली होती आणि त्यांच्यावर घमेलंभर माती. धनेश दुसरं घमेलं घेऊन येत होता. सिल्कचा कुर्ता, वर्धापनदिनासाठी शिवलेला, छातीपासून खाली चिखल.

सुभाष मागोमाग धावत आला. "धनेश, डोकं फिरलं का? लोक बघतायत! फरशीची वाट लागेल!"

"फरशी कुणाच्या नावाची आहे, वाच," धनेश म्हणाला. "माझ्या बापाच्या. घाण झाली तर माझ्या बापाची झाली." आणि त्यानं माती ओतली.

रेस्क्यूच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तीही घमेली शोधायला लागली. कक्षाचं दार लागलं. बाहेर रांग कुरबुरली, मग देवीच्या आरतीकडे वळली.

पोवळीला पोटाखालच्या पट्ट्यासकट हळूच मातीवर सरकवलं. आधी ती तशीच ताठ राहिली. मग पुढचा खूर तिनं जरासा दाबला. घसरला नाही. पुन्हा दाबला. रुतला. तिनं नाक खाली नेलं, हरळीचं एक मूळ हुंगलं, जिभेनं उचललं, चघळलं नाही, नुसतं तोंडात धरलं. पोटाखालचे पाय तिनं एका बाजूला काढले, गाय शेतात बसते तसे. आणि हनुवटी मातीवर टेकली.

पुतळाबाईनं माती तिच्या गुडघ्याभोवती चेपली. डॉक्टर जाई येऊन इंजेक्शन देऊन गेली. दुपारी उन्हाचा पट्टा खिडकीतून गायीच्या पाठीवर आला आणि पाठीचा तांबडा रंग एकदा पूर्वीसारखा दिसला. पुतळाबाई बारीक आवाजात गुणगुणत होती. शब्द नव्हते त्याला. पोवळीचा कान दोनदा हलला. श्वास लांबत गेले. दोन श्वासांत एवढं अंतर पडलं की पुतळाबाईला वाटलं, झालं. आणि मग पुन्हा एक आला. त्यानंतरचा आला नाही. साडेतीन वाजले असतील. पलीकडं मांडवात महाप्रसादाच्या पंक्ती बसत होत्या.

धनेश दाराशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "आई... मिळाली ना शेवटी माती तिला."

तो शाबासकी मागत होता, हे पुतळाबाईला कळलं. द्यावीशी वाटली. पोटचं पोर, चिखलानं माखलेलं. पण दीड वर्ष मागितलेली माती तिला आठवली.

"मेल्यावं सगल्यांनाच मिलते रं. जिती होती तवा दिली असती तर चालली असती ती. मी मरायला नव्हते मागत माती. चालायला मागत होते."

धनेशनं मान खाली घातली. कुर्त्याच्या बाहीनं नाक पुसलं, तर नाकालाही चिखल लागला.

दार वाजलं. बाहेरून सुभाषचा आवाज, दबका. "काकी, महापालिकेची गाडी बोलावू का? आणि कमिटीचं मत पडतंय, इथंच तिची मूर्ती बसवू. काळ्या ग्रॅनाइटची."

पुतळाबाई माती चेपत राहिली. धनेशही उठला नाही. "थांब जरा," तो दाराकडे न बघता म्हणाला, "अजून अंग गरम आहे तिचं." आणि तो सरकत पुढं आला, मातीत मांडी घालून बसला. पोवळीच्या डोळ्याशी माशी बसली होती. पुतळाबाईनं ती पदरानं उडवली. पुन्हा बसली, पुन्हा उडवली.